कोपऱ्यात ‘लाइव्ह’ लिहिलं होतं

नंदनवन, नागपूर
२८ ऑगस्ट

प्रिय पिंकी,
जय भीम.

शिबिरात सगळ्यांचे मोबाइल जमा करून घेतलेत आणि जागतिक स्पर्धा होईपर्यंत ते परत मिळणार नाहीत, हे तुझ्या सरांनी कळवलं तेव्हा आईला वाटलं, तुला शिक्षा झाली. “काय केलं वं पोरीनं?” म्हणून दोनदा विचारलं. मी समजावलं, की खेळाडूंचं लक्ष दुसरीकडे जाऊ नये म्हणून असं करतात. तर आता पत्रं. बी.ए. झाल्यापासून मी नोकरीचे इतके अर्ज लिहिलेत, की बहिणीला पत्र लिहितानाही हात आपोआप ‘महोदय’ लिहायला जातो.

इथली तयारी सांगते. विहाराच्या अंगणात पांढरा पडदा लावून तुझी शर्यत सगळ्या गल्लीला दाखवायची, असं ठरलं आहे. खुर्च्यांचं काम माझ्या अभ्यासिकेतल्या मुलींनी घेतलंय. जितेंद्र केबलवाला विहारापर्यंत तार ओढून देणार आहे. समितीचे सचिव संघपाल काका माइक मागवताहेत. मी म्हटलं, “काका, शर्यतीला माइक कशाला?” तर म्हणतात, “मी फक्त प्रास्ताविक करतो बेटा.” त्यांचं प्रास्ताविक तुला माहीत आहे. तुझे वीस किलोमीटर होतील आणि काका अजून उपस्थितांच्या स्वागतापाशीच असतील.

चॅनेलच्या वेळापत्रकात स्पष्ट दिलं आहे: १५ सप्टेंबर, रविवार, संध्याकाळी सात, महिलांची वीस किलोमीटर चाल, थेट. मी ते छापून विहाराच्या फलकावर लावलं. लोक थांबून वाचतात. क्रिकेट सोडून दुसऱ्या कशासाठी आपली गल्ली एकत्र बसेल, असं मला कधी वाटलं नव्हतं. लोकांना दाखवलं तर लोक बघतात, यावर माझा विश्वास आहे. दाखवणारा पाहिजे.

बाबांचं तेच. मौद्याच्या वीज प्रकल्पातून कोळशाचं काम करून येतात, अंघोळ करतात, जेवतात, झोपतात. पडद्याबद्दल सांगितलं तर म्हणाले, “चालणं का पाहाची गोष्ट असते? मी रोजच चालतो.” पण त्या रविवारची ड्यूटी त्यांनी बदलून घेतली आहे. हे आईने मला स्वयंपाकघरात हळूच सांगितलं.

मी सगळ्यांना ताकीद दिली आहे, की शर्यत होईपर्यंत कुणीही तिथे फोन लावायचा नाही. तू निवांत राहा.

तुझी,
मयुराताई


शिबिर, बेंगळुरू
४ सप्टेंबर

ताई, जय भीम.

तुह्यं पत्र भेटलं. खोलीतल्या पोट्ट्या हासून राह्यल्या होत्या का आजकाल पत्र कोणाले येते. मी म्हटलं, जिची बहीण ग्रॅज्युएट असते तिले येते.

मले एक सांगाचं आहे, ते फोनवर जमलं नसतं. मेडल भेटन असं मले वाटत नाही. माह्याहून जोरदार खूप जणी आहेत. पण बाबाईनं एकदा पूर्ण शर्यत पाह्यली पायजे. तुले आठवते का, मी पहाटं रिंग रोडवर सराव करो तं पोट्टे सायकलवर मागं येत अन् माह्यासारखी कंबर हालवून दाखवत? एक दिवस बाबा तिथंच कंपनीच्या बसची वाट पाहत उभे होते. त्याईच्या सोबतचे लोक हासले. मी समोरून गेली तं बाबाईनं तोंड फिरवून घेतलं. ओळखच दाखवली नाही. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, “दुसरा कोणता खेळ नाही भेटला का तुले?” त्याच्यावर आमचं कधी बोलणं नाही झालं.

आमची चाल दोन मिनिट पाह्यली तं कोणालेही हासू येते. मलेही आलं होतं पहिल्यांदा. अर्धा घंटा पाह्यली का हासू जाते. मंग माणूस पायाकडं पाहाले लागते. म्हणून म्हणतो पूर्ण.

नियम त्याईले आधीच सांगून ठेवजो. एक पाय कायम जमिनीले लागून पायजे. पुढचा पाय टेकला का गुडघा सरळ पायजे. चुकलं का पंच लाल कार्ड देते. तीन कार्डं झाले का दोन मिनिट बाजूले उभं करते, चौथं झालं का बाहेर. धावून जाता येत नाही, हेच तं कठीण आहे.

अन् शर्यत झाल्यावर आमचे मोबाइल परत भेटतीन. तेव्हा मी नाही लावणार फोन. बाबाईले लावाले सांग. त्याईनं पाह्यलं असन तं त्याईनंच लावला पायजे.

आईले नमस्कार. संघपाल काकाले सांग, प्रास्ताविक आदल्या दिवशीच करून घ्या.

पिंकी


नंदनवन, नागपूर
२३ सप्टेंबर

प्रिय पिंकी,

तुझा फोन बंद का आहे? शर्यत झाल्या झाल्या रविवारी आम्ही लावला, सोमवारी लावला, रोज लावतोय. तू बेंगळुरूला परत पोचलीस, तुझी तब्येत चांगली आहे, एवढं सरांकडून कळलं. थकली असशील. पण आई फार काळजी करते, म्हणून हे पत्र.

कार्यक्रम छान झाला. अंगण भरलं होतं. नंदनवनच्या पलीकडच्या गल्लीतलेही लोक आले. मध्ये मध्ये जाहिराती फार होत्या आणि शेवट नीट दाखवला नाही, त्यामुळे तू तेविसावी आलीस हे मला दुसऱ्या दिवशी इंटरनेटवर कळलं. इतक्या मोठ्या स्पर्धेत तेविसावी! मी फलकावर लिहिलं.

बाबांनी शेवटपर्यंत पाहिलं. विशेष काही बोलले नाहीत, पण पाहिलं. तुला फोन लावा म्हटलं तर म्हणाले, “तूच लाव.” तुला त्यांचा स्वभाव माहीत आहे.

फोन सुरू कर, बाळा.

तुझी,
मयुराताई


शिबिर, बेंगळुरू
५ ऑक्टोबर

ताई,

शर्यत सकाळी झाली.

तिकडं उन्हाची लाट होती म्हणून आदल्या दिवशीच वेळ बदलली. तुमच्या पडद्यावर सात वाजले तेव्हा मी अंघोळ करून, जेवून, पायाले बर्फ लावून बसली होती. त्याच्या आधी दिवसभर मोबाइल हातात घेऊन बसली होती. बाकीच्या पोट्ट्याईचे फोन वाजत होते. एकीच्या तं गावच्या सरपंचानं लावला. माह्यावाला वाजला नाही. मले वाटलं तुमी सगळ्याईनं पाह्यलं, अन् पाहून कोणाले बोलावंसं वाटलं नाही. संध्याकाळ व्हाच्या आतच मी तो बंद करून टाकला.

आता तू लिहितं का बाबाईनं शेवटपर्यंत पाह्यलं. तं मंग विचार त्याईले, मी दोन मिनिट कुठं उभी होती? कोणत्या बाजूले तोंड करून उभी होती? ज्यानं पाह्यलं त्याले हे विसरता नाही येत.

मले खोटं नको लिहू ताई. तू लिहाले शिकली ते याच्यासाठी नाही.

पिंकी


नंदनवन, नागपूर
१४ ऑक्टोबर

प्रिय पिंकी,

तुझं पत्र आलं तेव्हा घरात पाहुणे होते. दीक्षाभूमीसाठी चंद्रपूरहून आलेली आत्याची मंडळी. त्यांच्यासमोर वाचता येईना, म्हणून विहारात जाऊन वाचलं. तेव्हापासून उत्तर लिहिते आहे आणि फाडते आहे. आता जे झालं ते लिहिते.

सात वाजता पडदा सुरू झाला. आधी बराच वेळ स्टुडिओत चौघे जण बसून एका क्रिकेटपटूची पोटरी दुखते त्याबद्दल बोलत होते. तो या स्पर्धेत नव्हताच. पोटरीचं चित्र काढून दाखवलं. मग तुमची शर्यत लागली ती मध्यापासूनच, आणि वर उजव्या कोपऱ्यात लाल अक्षरांत ‘लाइव्ह’. आई म्हणाली, “तिकडं तं ऊन आहे वं.” मी तिला समजावलं, की युरोपातले देश आपल्या मागे असतात, आपल्याकडे संध्याकाळ झाली की तिकडे दुपार. चार बायकांनी माना डोलावल्या. माझं भूगोलाचं उत्तर बरोबर होतं, पिंकी. फक्त ते ऊन सकाळचं होतं.

आणि आम्ही तुझ्यासाठी ओरडत होतो. “चल पिंकी, चल!” संघपाल काका माइकवरून. शेजारच्या यमुताईंनी तर डोळे मिटून मंगल कामना म्हटली. जे कधीच होऊन गेलं होतं, त्यासाठी.

कॅमेरा पुढच्या दोघींसोबत चालत होता. सिमेंट, मसाला, पुन्हा सिमेंट, मग त्या दोघी. तू तीनदा दिसलीस. एकदा नुसती पाठ. दुसऱ्यांदा दिसलीस तेव्हा बोलणाऱ्या माणसाने विचारलं, “अरे भाई, ये चल रही हैं कि ठुमक रही हैं?” आणि दुसरा खो खो हसला. अंगणातही लोक हसले. वाईट मनाने नाही, आपलीच माणसं. पण हसले. तेवढ्यात पुन्हा सिमेंट आलं आणि मी मागे बघितलं तर बाबांची खुर्ची रिकामी होती. गेटमधून बाहेर जाताना त्यांची पाठ दिसली. ते त्या रात्री जेवायला उशिरा आले आणि जेवून लगेच झोपले. मी विचारलं नाही. मला वाटतं त्यांना लाज वाटली.

तू लाल कार्डांमुळे कुठे उभी होतीस, ते आमच्यापैकी कुणीही पाहिलं नाही. शेवटच्या टप्प्यात एकदम दुपारी होऊन गेलेला, दुसऱ्याच स्पर्धेतल्या नेमबाजीचा पदकसमारंभ परत दाखवायला लागले. शर्यत गेली ती गेलीच. लोकांनी आपापल्या खुर्च्या उचलल्या.

हे तुला कसं लिहू, म्हणून आधी ते खोटं लिहिलं. तू ओळखलंस ते बरंच झालं.

मी चॅनेलला तक्रार केली. नीट, मुद्देसूद, कुणालाही अपशब्द न वापरता. उत्तर आलं, ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे,’ आणि खाली पाच चांदण्या, मला त्यांची सेवा किती आवडली ते कळवायला. दुसऱ्यांदा लिहिलं, पूर्ण शर्यतीचं चित्रीकरण द्या किंवा दाखवा. तेच उत्तर, त्याच चांदण्या. तिसऱ्यांदा मात्र एका मुलीचा फोन आला. मला वाटलं, अखेर कुणीतरी वाचलं. तिने विचारलं, “मॅम, मेडल आलं होतं का?” मी नाही म्हटलं. “ओके. पुढे आलं तर नक्की कळवा. आईबाबांचा इमोशनल बाइट करू. घर पत्र्याचं आहे का?”

मी म्हटलं, स्लॅबचं आहे. तिने फोन ठेवला.

मला वाटायचं, नीट लिहिलं की वाचणारा नीट वाचतो. थकले गं.

तुझी,
मयुरा


नंदनवन, नागपूर
२६ ऑक्टोबर

प्रिय पिंकी,

तुझं उत्तर आलं नाही, तरी लिहिते, कारण मागच्या पत्रातलं बाबांबद्दलचं एक वाक्य चुकीचं होतं.

काल जितेंद्र केबलवाला आमचा टीव्हीचा डबा बदलायला आला होता. वायर जोडता जोडता म्हणाला, “मयुराताई, काकाचा राग गेला का?” मी विचारलं, कुठले काका? “देवाजी काका. त्या दिवशी माह्या ऑफिसात येऊन भांडले ना.”

झालं असं, की बाबा अंगणातून उठले ते थेट जितेंद्रच्या दुकानात गेले. त्यांना वाटलं, चित्र तोच कापतो आहे. जाहिराती तोच मध्ये घालतो. मागे एकदा वीज कंपनीच्या माणसाने खांबावर चढून केबलची तार कापली होती आणि आपली मालिका गेली होती, तसं. जितेंद्रने मला त्यांची नक्कल करून दाखवली. दारात उभे राहून ओरडले, “काहून बे जित्या! मायी पोरगी चालून राह्यली अन् तू सिमेंट दाखवतं?”

“काका, ते माह्या हातात नाही. मुंबई-दिल्लीहूनच तसं येते.”

“खोटं नको बोलू. तार तुह्या दुकानातून येते.”

“तार माझी आहे गा काका, चित्र माझं नाही!”

बाबांना ते पटलं नाही. जितेंद्रकडे भिंतीवर छोटे छोटे टीव्ही आहेत, प्रत्येकावर वेगळं चॅनेल. बाबा त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसले. म्हणाले, इतक्यांतल्या एकावर तरी असेलच. जितेंद्र एक एक चॅनेल लावून दाखवत होता. कुस्ती, भजन, साडी, बातम्या. दुकान बंद करेपर्यंत बसले. निघताना त्याला म्हणाले, “तिले कार्ड भेटलं का नाही, तेवढं तरी सांग.” त्याला काय माहीत कुठलं कार्ड.

म्हणजे मी समजावलेले नियम ते पाठ करून गेले होते.

ड्यूटीवरून आले तेव्हा मी विचारलं, “बाबा, तुम्ही आम्हांला सांगितलं का नाही?” जेवणाचा डबा धूत होते. म्हणाले, “काय सांगाचं? पाह्यलं नाही म्हणून? तिनं विचारलं असतं, काय पाह्यलं, तं मी काय बोललो असतो फोनवर?”

मग डबा पुसत, पाठमोरेच, “तिची याच्यानंतरची कुठं असते?”

सर म्हणाले होते, फेब्रुवारीत राष्ट्रीय स्पर्धा बेंगळुरूलाच आहे. तेव्हा अभ्यासिकेतल्या मुलींच्या परीक्षा असतात, मला निघता येणार नाही. बाबा एकटे येतो म्हणतात. नागपूरच्या पलीकडे ते बल्लारशाहपर्यंतच गेलेले आहेत. तू हो म्हण किंवा नाही म्हण, पण उत्तर दे.

तुझी,
मयुराताई


शिबिर, बेंगळुरू
७ नोव्हेंबर

ताई,

येऊ दे.

पण सांगून ठेवजो का रस्त्यावरची शर्यत आहे, स्टेडियम नाही. बसाले जागा नाही. एकाच रस्त्यावर जाणं-येणं, जाणं-येणं. पहाटं असते. मी मधात थांबणार नाही, बोलणार नाही, हात करणार नाही. करता येत नाही. त्याईनं मंग म्हणू नये का ओळख दाखवली नाही.

पिंकी


शिबिर, बेंगळुरू
१८ फेब्रुवारी

ताई, जय भीम.

बाबाले काल गाडीत बसवून दिलं. वरची बर्थ भेटली म्हणून कुरकुर करत होते. हे पत्र भेटन तोवर ते घरी पोचले असतीन. आईले सांग, तिनं दिलेल्या भाकरी पहिल्याच दिवशी आमच्या पोट्ट्याईनं संपवल्या.

शर्यतीच्या दिवशी अंधारातच आले. मी वार्मअप करून राह्यली होती, तं दूर एका झाडाखाली उभे. मफलर डोक्याले गुंडाळलेला. इथं कोणी मफलर घालत नाही ताई, तिथं असा माणूस एकच होता. मले वाटलं होतं का मी त्याईच्याकडं पाहणारच नाही. पण वळण तिथंच होतं, मंग दर फेरीले दिसतच होते.

पहिल्या फेऱ्याईले ते माह्या तोंडाकडं पाहत होते. मले अवघडल्यासारखं झालं. बाजूले दोन पोट्टे उभे होते, कॉलेजचे असतीन, ते मोबाइलवर आमचा व्हिडिओ काढत हासत होते. बाबा त्याईच्याजवळच. मी म्हटलं, झालं, आता तोंड फिरवतीन. पुढच्या फेरीले पाह्यलं तं बाबा त्या पोट्ट्याईले काहीतरी सांगून राह्यले होते, बोट माह्या पायाकडं. मराठीत! त्या पोट्ट्याईले मराठी कुठं येते? पण ऐकत होते बिचारे. नंतर सरांनी सांगितलं का हा माणूस पूर्ण वेळ ‘गुडघा, गुडघा’ करत होता.

मले दोन कार्डं भेटले. तिसऱ्याची भीती होती. पाट्या लावतात ना, कोणाले किती कार्डं झाले ते, बाबा तिथं जाऊन उभे राह्यले. इंग्रजी नंबर वाचता येतात त्याईले. माह्या नंबरापुढं तिसरं लागते का, ते पाहत. शेवटच्या चार फेऱ्या मी वेग कमी केला, तिसरं घेतलं नाही. पाचवी आली. सर म्हणे वेग कमी नसता केला तं तिसरी आली असती. असू दे.

रेषा पार केल्यावर मी तिथंच फुटपाथवर बसली. बाबा आले, बाजूले बसले. तुले माहीत आहे ते कसे बसतात, दोन्ही हात मांड्यावर ठेवून, बस यायची आहे असे. मंग म्हणाले, “टीव्हीवाले काहून नाही दाखवत, ते समजलं मले आता.”

मी म्हटलं, “काहून?”

“कंटाळा येते वं. एकच एक. येते अन् जाते, येते अन् जाते. पाय दुखले माहे उभं राहून राहून.”

मले रडू येऊन राह्यलं होतं का हासू, माहीत नाही. मी म्हटलं, “मंग बसले काहून नाही कुठं? तिकडं कट्टा होता.”

“कट्ट्यावरून तो पलीकडचा भाग दिसत नव्हता,” म्हणाले.

मले पायाचे बूट काढता येत नव्हते, पोटरीत गोळा आला होता. बाबा खाली उतरून रस्त्यावर बसले अन् लेस सोडाले लागले. गाठ पक्की झाली होती घामानं. त्याईनं ती दातानं सोडवली.

पिंकी